खालून पहिली ओळ

१

दादा आठ महिन्यांपूर्वी एकदा गेला होता. सोमवारी सकाळी साडेनऊला त्याच्या बहिणीच्या लक्षात आलं, की कुणीतरी त्याला पुन्हा मारलंय.

दादाच्या घरच्या टीव्हीवर गेमच्या चार चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत गेली सहा वर्षं एक आडदांड योद्धा उभा असायचा. पाठीला माणसाएवढी तलवार आणि डोक्यावर कुणालाच शोभली नसती अशी पिवळी टोपी. आता तिथे नुसती करडी जागा होती आणि मधोमध अधिकचं चिन्ह. नवा माणूस बनवा, असं त्याचं म्हणणं.

"मास्तरीणबाई, दादा कुठाय?" बहीण ओरडली.

शेजारी बसलेल्या मास्तरीणबाई जपानी शिकवायच्या. त्यांनी चष्मा वर सरकवून पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. "पात्र पुसलंय. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. याच मशीनवरून."

"परत आणा मग."

"नाही येत आणता. पुसण्याआधी दोनदा विचारतात. दोनदा हो म्हटलं की विषय संपला."

बहिणीने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. तिला सगळे कवळी म्हणत, कारण दातांच्या लॅबमध्ये ती लोकांच्या कवळ्या घडवायची. नाव दादानेच ठेवलेलं. राग तिच्या नाकावर असायचा हे सगळ्या घराला ठाऊक होतं, पण आजचा राग नाकावर मावणारा नव्हता.

खेळ साधा होता. तीन-चार जणांनी एका मोहिमेवर उतरायचं, समोर येईल तो राक्षस लोळवायचा आणि धडधाकट बाहेर यायचं. पंचाईत एकच. हा खेळ फक्त जपानी सर्व्हरवर चालायचा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर जपानी होतं. दादा, कवळी आणि दादाचा कामावरचा जोडीदार या तिघांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. मास्तरीणबाई त्यांना मोहिमेवरच भेटल्या आणि टोळीत आल्या. बाकी तिघं मेनू वाचत नसत, पाठ करत. वरून तिसरी ओळ म्हणजे हत्यारं, मग डावीकडे म्हणजे हो. दोन महिन्यांपूर्वी मोठं अपडेट आलं, ओळी खालीवर झाल्या आणि कवळीने जपून ठेवलेलं धनुष्य चुकून विकून टाकलं. त्या दिवशीही कंट्रोलर सोफ्यावर आपटला होता.

पण तो राग खेळातला. दादा खऱ्या आयुष्यात लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लिफ्टच्या पोकळीतच गेला. तो पिंजऱ्याच्या टपावर उभा होता, जोडीदार वर मोटरच्या खोलीत. खालच्याने हाक दिल्याशिवाय वरच्याने वीज चालू करायची नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. वीज चालू झाली. पिंजरा वर गेला.

कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं, की मयत रात्रभर गेम खेळून, न झोपता कामावर आला आणि त्याने चुकून हाक दिली. खाली जोडीदाराची सही होती. त्या रात्री आई आणि वहिनी गावी होत्या, तो जागा होता की झोपला होता हे सांगायला घरात कुणी नव्हतं. सोबत पहाटे चार चाळीसचा गेममधला एक फोटो होता, दादाने जोडीदाराला पाठवला म्हणून जोडलेला. उद्या, मंगळवारी अकरा वाजता, शेवटची सुनावणी होती. उद्या ते वाक्य कायम झालं, की दादा जन्माचा बेपर्वा ठरणार होता.

आणि कवळीला गेल्या आठवड्यातच कळलं होतं, की प्रत्येक पात्राची एक नोंदवही असते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठली मोहीम, सगळं तारीखवार. त्या रात्रीचं पान कोरं निघालं असतं तर अहवाल खोटा ठरला असता. शनिवारी कागदांवर सह्या करायला सगळे जमले, तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर हे मोठ्या आवाजात सांगितलं होतं. सोमवारी मास्तरीणबाई येऊन वाचून दाखवणार, हेही सांगितलं होतं. तोंडाला कुलूप लावायची तिला सवयच नव्हती.

शनिवारी त्या टेबलाभोवती तिच्याशिवाय चारच माणसं होती. आई, वहिनी, जोडीदार आणि मास्तरीणबाई. त्या चौघांत जपानी वाचता येणारी एकच होती.

कवळीने मान वळवून शेजारी पाहिलं.

२

"काल चार वाजता तुम्ही इथे होतात," ती म्हणाली.

"होते. भाषांतरावर शिक्का कुणाचा चालतो ते तुझ्या वहिनीला विचारायला आले होते. ती भेटली नाही, पाच मिनिटं थांबून गेले."

"या खोलीत."

"याच खोलीत. कवळे, तुला जे म्हणायचंय ते म्हण एकदाचं."

"तुम्ही त्याला या खेळात इतकं ओढलंत. रोज बोलवायचात. नोंदवहीत रोज तुमचं नाव असणार, ते उद्या सरकारी माणसासमोर वाचलं जाणार, लोक नाही नाही ते बोलणार. म्हणून पुसलंत ना?"

मास्तरीणबाईंचा चेहरा लाल झाला. वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारी बाई होती ती. "अगं, अक्कल गहाण टाकलीयस का? मला नोंदवहीच नको असती तर नोंदवही पुसली असती. तिची ओळ वेगळी आहे. दादा पिवळी टोपी घालून तसाच उभा राहिला असता, तू आज कोरी वही बघितली असतीस, आणि मी तुला सांगितलं असतं की सर्व्हर जुनं काढून टाकतो. तू डोळे मिटून विश्वास ठेवला असतास. इतकं सोपं सोडून मी अख्खा माणूस कशाला पुसेन? बोंबाबोंब व्हावी म्हणून?"

कवळीने आपटलेला कंट्रोलर उचलून नीट ठेवला. हे क्वचितच घडायचं.

"मला त्या रात्रीचं माहीत नाही," मास्तरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी बाराला झोपले. माझ्यानंतर तो आला असेल, पहाटेपर्यंत खेळला असेल, आणि सवय मीच लावली होती, या विचाराने आठ महिने मला अन्न गोड लागत नाही. तुमच्या घरातला तो अहवाल मला कुणी दाखवलासुद्धा नाही."

"वहिनीने कपाटात ठेवला होता. मलाही मागच्या आठवड्यातच मिळाला. फोटो एकदा बघितला, पिवळी टोपी दिसली आणि फाईल मिटली."

मग कवळीने मशीन बंद केलं.

"दादा पुसला गेलाय हे कुणाला सांगायचं नाही. मी सगळ्यांना एवढंच सांगते, की काल कुणीतरी त्याचं खातं उघडलं होतं. बघू कोण काय बोलतं."

"आणि मी?"

"तुमच्यावरचा संशय मी मागे घेतला," कवळी म्हणाली. "अर्धा."

३

स्वयंपाकघरात आई भाजी निवडत होती. देठ एकीकडे, पानं एकीकडे, आणि बोटं अशी चालत होती की भाजीने तिचं काहीतरी वाईट केलं असावं.

"आई, काल दुपारी दादाचं मशीन कुणी चालू केलं?"

"जळलं का ते?"

"नाही."

"मग कशाला सांगतेस?" आईने जुडी आपटली. "त्या मशीनने माझा मुलगा खाल्ला. चाळिशीला आलेला बाप्या, पोराटोरांसारखा बटणं दाबत बसला रात्रभर. या जिन्यातल्या प्रत्येक घरात विचारतात, कसा गेला म्हणून. मी सांगते, खेळापायी गेला. लपवायचं काय त्यात? मूर्ख होता, मूर्खासारखा गेला."

आई हे आठ महिने सांगत होती. दादाचा फोटो तिने कपाटात पालथा ठेवला होता, आणि त्याचं नाव घ्यायची वेळ आली तर 'तो' म्हणायची. कवळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय आईला टीव्हीचा आवाज कमी करायलाही दुसरं माणूस लागायचं. दोनदा हो म्हणण्यापर्यंत ती पोचलीच नसती.

वहिनी गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"खातं उघडलं म्हणजे?" तिने विचारलं. "उघडून केलं काय?"

"ते बघायचंय अजून."

"वन्सं, खरं सांगू? मला आता काहीच बघायचं नाही." वहिनीने हातातला टॉवेल तसाच चुरगाळला. "तुम्ही भांडता ते बरोबर आहे. पण प्रत्येक तारखेला तो अहवाल पुन्हा वाचतात. पिंजरा किती वेगाने वर गेला, मध्ये किती जागा उरली. तुम्ही बाहेर बाकावर असता. आत मी असते. उद्या काय ते होऊ दे आणि संपू दे."

हेही कारणच होतं. कवळीने ते मनात टिपून ठेवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. "काल चारला तू कुठे होतीस?"

"गच्चीवर, वाळलेले कपडे काढायला. खाली आले तर मास्तरीणबाई येऊन गेलेल्या. आई आत झोपल्या होत्या. भाऊजी न्हाणीघरात नळ बदलत होते."

भाऊजी म्हणजे जोडीदार. दादा गेल्यापासून या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक कडी त्याने नीट केली होती. अहवालावर सही केली त्या दिवशी तो आईच्या पायाशी बसून रडला होता. "काकू, खोटं कसं बोलू?" म्हणाला होता. आईने त्याला उठवून जेवायला वाढलं होतं.

"नळ बदलायला किती वेळ लागला?"

"तास झाला असेल." वहिनीने टॉवेल झटकला. "गंमत म्हणजे अजून गळतोच आहे."

४

जोडीदार एका कचेरीच्या इमारतीत सातव्या मजल्यावर सापडला. लिफ्टचं दार उघडं होतं, समोर 'काम चालू' ची पाटी होती आणि तो गुडघ्यावर बसून दाराच्या खाचेतली घाण ब्रशने काढत होता. सोबतीला आता दुसरा माणूस होता, तो वर होता.

"ताई? इथे कशी?"

"काल दुपारी कुणीतरी दादाचं खातं उघडलं," कवळी म्हणाली. तेवढंच म्हणाली.

त्याने ब्रश खाली ठेवला. फडक्याने हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं. "मी तर त्या दिवसापासून कंट्रोलरला हात लावलेला नाही. आठ महिने झाले. शपथ घेतो हवं तर."

"शपथ कुणी मागितली?"

"नाही, सांगतोय." तो उठून उभा राहिला. आवाज मऊ केला. "ताई, नोंदवही गेली तर जाऊ दे. काय वाचणार होतीस त्यात? वाचून त्रासच झाला असता. दादा तर आहेच ना तिथे उभा, टोपी घालून. कधी आठवण आली तर बघायचं. माणसाला तेवढं पुरे."

वरून सोबत्याची हाक आली. जोडीदाराने हात करून त्याला थांबवलं.

कवळी पायऱ्यांनी उतरली. लिफ्ट बंदच होती, आणि तशीही आठ महिन्यांत ती एकदाही लिफ्टमध्ये चढली नव्हती. सातव्यावरून सहाव्यावर, सहाव्यावरून पाचव्यावर. चौथ्या मजल्यावर ती मध्येच थांबली आणि कठडा धरून उभी राहिली.

नोंदवही गेली, हे त्याला कुणी सांगितलं?

तिने तिथूनच मास्तरीणबाईंना फोन लावला.

"चोराच्या मनात चांदणं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण एवढ्यावर नाही चालणार. शनिवारी बोलणं नोंदवहीचंच झालं होतं, निर्दोष माणूसही तोच अंदाज करेल. आणि दादा तिथे उभा आहे असंच तोही समजेल."

"तेच तर. दादा उभा आहे असं त्याला खरंच वाटतंय. तोंड बघितलंय मी त्याचं. पुसणारा तोच असेल, तर त्याला माहीतच नाही त्याने काय पुसलं!"

मग मास्तरीणबाईंनी विचारलं, "कवळे, अपडेट कधी आलं गं?"

५

पाच वाजता जोडीदार कवळीच्या भाड्याच्या खोलीवर आला. तिचं मशीन तिथे होतं. तिने फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं होतं, की मास्तरीणबाईंशी कडाक्याचं भांडण झालंय आणि कंपनीचा वकील आता तिचंही खातं मागणार आहे. तिच्या नोंदवहीत कामाच्या वेळेतल्या मोहिमा आहेत, लॅबच्या मालकाला कळलं तर नोकरी जाईल. ती तेवढी पुसून दे. रडवेला आवाज काढायला तिला फार कष्ट पडले नाहीत.

"बरं केलंस बोलावलंस," तो म्हणाला. तो खुशीत होता. भांडायचं सोडून ही बाई आता स्वतःला वाचवायला निघाली, म्हणजे उद्याची काळजी मिटली. "हे काय, एका मिनिटाचं काम."

पडद्यावर कवळीची धनुर्धारी उभी होती. सहा वर्षांची. तिचा कोट दादाने एकवीस मोहिमा करून मिळवून दिला होता.

जोडीदाराने कंट्रोलर घेतला. त्याने यादी वाचली नाही, वाचता येतच नव्हती. अंगठा सवयीने चालला. यादी उघडली, अंगठा खाली, खाली, तळापर्यंत. खालून पहिली ओळ. दोन ओळींचा जपानी प्रश्न आला.

कवळी त्याला थांबवू शकली असती. एक शब्द पुरला असता. तिने ओठ घट्ट दाबून धरले.

डावीकडे, हो. पुन्हा तसाच प्रश्न. डावीकडे, हो.

"झालं," तो म्हणाला. "पुसली नोंदवही."

पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. पहिल्या चौकटीत करडी जागा होती आणि मधोमध अधिकचं चिन्ह.

तो बघत राहिला. त्याच्या अंगठ्याने आपोआप मागे जायचं बटण दाबलं, दोनदा, तीनदा. काही मागे आलं नाही.

"ही कुठे गेली?" त्याने विचारलं.

"दादा गेला तिथेच," कवळी म्हणाली. "काल तुला बघायला वेळ मिळाला नाही वाटतं?"

स्वयंपाकघराचं दार उघडून मास्तरीणबाई बाहेर आल्या. हातात फोन होता आणि त्यावर सगळं चित्रित झालं होतं. वर्गात समजावतात तशा त्या सावकाश बोलल्या. "पूर्वी तळाची ओळ नोंदवही पुसायची होती. दोन महिन्यांपूर्वीच्या अपडेटनंतर ती एक पायरी वर गेली आणि तळाला पात्र पुसायची ओळ आली. मला वाचता येतं, मी चुकले नसते. कवळी रोज खेळते, तीही चुकली नसती. घरातल्या दोघींना ती यादी उघडायचीसुद्धा कशी ते माहीत नाही. ही चूक करायला माणूस कसा हवा? जुना मेनू पाठ असलेला आणि अपडेटनंतर कधीच न खेळलेला. आठ महिने हात लावला नाही, अशी शपथ तुम्हीच घेत होतात ना?"

जोडीदार खुर्चीत बसला. "जिन्यात पावलं वाजली. मी दोनदा हो केलं आणि मशीन बंद केलं. मला फक्त नोंदवही... दादाला मी कशाला पुसेन गं?"

"का पुसायची होती नोंदवही?"

तो उत्तर देणार असं वाटलं. पण त्याने तोंड मिटलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं. कवळीने हा माणूस इतकी वर्षं बघितला होता, पण हा चेहरा तिने कधी बघितला नव्हता.

"नोंदवही आता नाहीच," तो म्हणाला आणि उठला. "घाबरून पुसली, मित्राची अब्रू वाचवायला पुसली, काहीही सांगेन मी. तुमच्याकडे काय आहे? त्यांच्याकडे फोटो आहे. फोटोत दादा आहे, पहाटे चार चाळीसला. तो कसा खोडणार?"

दार लावून तो गेला. तो म्हणत होता ते खरं होतं.

६

कवळीने फाईल भिंतीवर फेकली. कागद खोलीभर झाले. ती शिव्या देत होती, जोडीदाराला, कंपनीला, स्वतःच्या मोठ्या तोंडाला. आठ महिने हा माणूस आमच्या ताटात जेवला, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं त्याने, असं ती म्हणत होती, आणि म्हणताना कुठल्याही देवाला किंवा शेजाऱ्याला भीत नव्हती.

मास्तरीणबाईंनी वाकून एक कागद उचलला. तो फोटो होता. त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

"कवळे, गप्प बस जरा. हा का वाकला नाही?"

फोटोत तीन जण होते. कडेचा कुणीतरी अनोळखी आणि मधला, दोघं कमरेत वाकलेले, त्यामुळे त्यांचे चेहरे दिसत नव्हते. तिसरा पिवळी टोपी घालून ताठ उभा. बघणाऱ्याची नजर सरळ त्याच्यावरच जाई, कारण चेहरा त्या एकाचाच दिसत होता.

त्या सर्व्हरवरची रीत होती ती. मोहीम संपली की सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, मग निघायचं. त्यासाठी वेगळं बटण होतं. कुणी सक्ती करत नसे, पण न वाकता निघणारा तिथे उद्धट समजला जाई. दादा तर यात कर्मठ होता. एकदा कवळी न वाकता बाहेर पडली, तर त्याने तिला खऱ्या फोनवर फोन करून झापलं होतं. सहा वर्षांत तो ताठ उभा राहून निघाला, असं एकदाही झालं नव्हतं.

"बदली आहे हा!" ती म्हणाली.

खेळाडू झोपलेला असला, तरी त्याच्या पात्राची बदली मित्राला मोहिमेवर नेता येई. दिसायला हुबेहूब तोच, टोपीसकट. मशीनच त्याला लढवतं. तो लढतो, मार खातो, पण वाकत नाही, कारण वाकायचं बटण दाबायला माणूस लागतो.

"आणि बदलीला कुणी बोलावलं, ते मालकाच्या नोंदवहीत नावासकट उमटतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता कळलं, नोंदवही कुणाला नको होती. हा मधला बघ. फोटो काढणारा नेहमी मधोमध येतो. याच्या खांद्यावरची हिरवी पिसं ओळखतेस?"

कवळी ओळखत होती. ती पिसं मिळाली तेव्हा जोडीदाराने आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

दादा त्या रात्री झोपला होता. पहाटे चार चाळीसला जागा होता तो हा, फोटो काढणारा. हाच तीन तासांनी मोटरच्या खोलीत विजेच्या बटणासमोर बसला होता.

मंगळवारी अकराच्या सुनावणीला या वेळी कवळी आणि मास्तरीणबाईही साक्षीसाठी आत होत्या. कंपनीचा वकील हसला. बाहुल्या वाकल्या की नाही यावर चौकशी करायची का, म्हणाला. चौकशी अधिकारी वयस्क गृहस्थ होते, त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांनी मास्तरीणबाईंकडून रीत समजून घेतली, खेळाच्या नियमांचं पान वाचून घेतलं, कालचं चित्रण दोनदा बघितलं. मग फोटो जोडीदारासमोर सरकवला.

"हा मधला कोण?"

जोडीदाराने वकिलाकडे पाहिलं. वकील आपले कागद लावत होता.

"मोबाईल द्याल का तुमचा? मूळ फोटो कुठून आला ते आमचा माणूस बघेल."

जोडीदाराने मोबाईल खिशातून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. "डोळा लागला होता माझा," तो शेवटी म्हणाला. "दचकून जागा झालो. वाटलं, त्याने हाक दिली. तसंच बटण दाबलं."

"हाक दिली होती का त्यांनी?"

"नाही."

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कवळी उभी राहिली. तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"डोळा कुणाचाही लागतो," ती म्हणाली. "त्याची मी तुला कदाचित कधीतरी माफी दिली असती. पण तू खाली उतरलास, त्याला तसा बघितलास, आणि मग बसून तो फोटो शोधलास. सही केलीस. आणि माझ्या आईच्या हातचं जेवलास."

अहवालातलं ते वाक्य दुपारी एक वाजता रद्द झालं.

कवळी आणि वहिनी घरी आल्या तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. कवळीने सगळं सांगितलं, न थांबता, उभ्यानेच. आई पोळ्या लाटत ऐकत होती. तिला बदली कळली नाही, नोंदवही कळली नाही.

"म्हणजे तो झोपला होता?" तिने विचारलं.

"हो, आई. त्या रात्री तो खेळलाच नव्हता. पूर्ण झोप घेऊन कामावर गेला होता."

आईने गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले आणि दाराशी जाऊन चपला पायात घातल्या.

"कुठे निघालीस?"

तिने समोरच्या घराची घंटा वाजवली. शेजारीण दारात आली.

"माझा मुलगा रात्रभर झोपला होता," आई म्हणाली. "त्याची काही चूक नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. खेळापायी गेला म्हटलं होतं मी."

शेजारीण गोंधळली. "अहो, असू दे. आता काय त्याचं?"

"असू कसं दे? आठ महिने सांगितलंय मी तुम्हाला! ऐकून घ्या नीट." आईने दादाचं नाव घेतलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, जिना घुमेल इतक्या मोठ्याने. मग ती वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागली. गुडघे दुखत होते, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत होती. कवळीने हात पुढे केला तो तिने झटकला.

इमारतीत अजून बावीस घरं होती.